नांगर : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोग

मराठीत 'नांगर' हा शब्द उच्चारताच बहुसंख्य वाचकांच्या डोळ्यांसमोर शेत, बैलांची जोडी आणि जमिनीत रुतलेला फाळ उभा राहतो. घाटावरच्या माणसाला या शब्दाचा दुसरा अर्थ सहसा आठवत नाही. कोकण किनाऱ्यावरील माणसाला मात्र तो प्रथम आठवतो. त्याच्या लेखी नांगर म्हणजे होडी, मचवा, गलबत किंवा आगबोट पाण्यात एका जागी धरून ठेवणारे उपकरण होय. एकाच भाषेतील एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शतकानुशतके शेजारी शेजारी नांदत आले आहेत. त्यांपैकी दुसऱ्या अर्थाचा परिचय करून देणे, या उपकरणाचे कार्य समजावून सांगणे आणि 'नांगरलेली नौका' या शब्दप्रयोगाला व्यवहारात व कायद्यात कोणता नेमका अर्थ आहे हे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. किनाऱ्यावरील गावांचा कारभार पाहणारे पंचायत सदस्य, अपघाताचा पंचनामा करणारे अधिकारी आणि वर्गात भूगोल व विज्ञान शिकविणारे शिक्षक या तिघांनाही या माहितीचा प्रत्यक्ष उपयोग आहे.

शब्दाचे कूळ

शेतीच्या नांगराचे कूळ संस्कृतातील 'लाङ्गल' या शब्दात आहे. जहाजाच्या या उपकरणाला फारसीत 'लंगर' म्हणतात आणि तोच शब्द हिंदीत रूढ आहे. गुजरातीत जहाज उभे करण्याच्या क्रियेला 'नांगरवुं' असे म्हणतात. मराठीत दोन्ही वस्तूंना एकच नाव मिळाले आणि 'नांगरणे' या क्रियापदालाही दोन अर्थ प्राप्त झाले. शेत नांगरले म्हणजे जमीन उलथली. गलबत नांगरले म्हणजे ते स्थिर केले. शेताचा नांगर जमिनीत शिरून पुढे सरकतो, तर जहाजाचा नांगर जमिनीत शिरून सरकण्याचे नाकारतो. पुढे सरकू लागलेला नांगर शेतकऱ्याला हवा असतो. तांडेलाला मात्र तो संकटाची सूचना देतो.

इंग्रजीतील 'अँकर' हा शब्द लॅटिनमार्गे ग्रीक भाषेतून आला असून त्याच्या मुळाशी वाकलेल्या आकड्याची कल्पना आहे. संस्कृतातील 'अङ्क' आणि 'अङ्कुश' हे शब्द त्याच प्राचीन मुळाचे मानले जातात. म्हणजे युरोपीय भाषांनी या वस्तूचे नाव तिच्या वाकड्या आकारावरून ठेवले. मराठीतील नाव मात्र जमीन धरणाऱ्या फाळाची आठवण करून देते. विशेष असे की, जेफ्री इन्ग्रॅम टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३३ साली लहान नौकांसाठी जो नवा नांगर तयार केला, त्याचा आकार शेतीच्या नांगराच्या फाळासारखाच होता. त्या जातीचे नांगर आजही जगभर वापरात आहेत. मराठीने एका शब्दात जोडलेल्या दोन वस्तू अशा रीतीने प्रत्यक्षातही एकमेकींच्या जवळ आल्या.

दगडापासून पोलादापर्यंत

आरंभीचे नांगर दगडाचे होते. भोक पाडलेल्या जड दगडाला दोर बांधून तो पाण्यात सोडला जाई. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी द्वारका व बेट द्वारका येथील समुद्रतळावर केलेल्या शोधात असे दगडी नांगर मोठ्या संख्येने आढळले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर विजयदुर्ग येथेही दगडी नांगर मिळाले आहेत. त्यांतील एक प्रकार 'हिंद-अरबी' या नावाने ओळखला जातो. वर निमुळता होत गेलेला लांब दगड, माथ्याशी दोरासाठी एक भोक आणि खालच्या भागात लाकडी दांडे बसविण्यासाठी परस्परांशी काटकोनात असलेली दोन चौकोनी भोके, अशी त्याची रचना असते. दगडाचे वजन आणि तळात रुतणारे लाकडी दात या दोन्हींचा मेळ त्यात घातलेला दिसतो. भारतीय किनारा आणि अरबस्तान यांच्यातील जुन्या व्यापाराची साक्ष हे मूक दगड देतात.

पुढे लोखंडी नांगर प्रचारात आले. कोकणातील गलबतांवर काथ्याचे दोर वापरात होते. युरोपीय जहाजांवर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोरखंडांची जागा लोखंडी साखळीने घेतली. आज मोठ्या मालवाहू जहाजाच्या एका नांगराचे वजन दहा टनांहूनही अधिक असते आणि तो खाली सोडण्यासाठी व वर ओढण्यासाठी यंत्र असते.

मराठ्यांच्या आरमारालाही नौका सुरक्षित ठेवण्याचा प्रश्न महत्त्वाचा वाटत होता. रामचंद्रपंत अमात्य यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराविषयी स्वतंत्र प्रकरण असून पावसाळ्यातील छावणीचाही त्यात विचार केलेला आहे. नौका बांधणे हे जसे राज्याचे काम, तसेच ती सुरक्षित जागी ठेवणे हेही राज्याचेच काम, ही जाण त्यामागे आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाने स्वीकारलेल्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेली अष्टकोनी चौकट आहे आणि तिच्या आत राष्ट्रचिन्हाखाली नांगर आहे, हे येथे नमूद करणे उचित ठरेल.

नांगर जहाज कसे धरतो?

नांगर जड असतो म्हणून जहाज थांबते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. हजारो टनांच्या जहाजापुढे दहा टनांच्या नांगराचे वजन नगण्य होय. नांगर धरतो तो त्याचा फाळ तळात रुततो म्हणून. आणि फाळ रुतून राहतो तो ओढ आडवी असते म्हणून.

ही गोष्ट शेताच्या नांगरावरून सहज समजते. नांगर पुढच्या बाजूने ओढला की फाळ जमिनीत शिरतो. त्याचा दांडा वर उचलला की फाळ बाहेर येतो. जहाजाच्या नांगराचेही तसेच आहे. दोर किंवा साखळी तळाशी जवळजवळ आडवी असेल, तर वारा व प्रवाह जितके जोराने ओढतील तितका फाळ खोल जातो. दोर उभा झाला, की तीच ओढ नांगराला वर उचलते. साखळीच्या वापराचे महत्त्व येथे दिसून येते. साखळीचा काही भाग स्वतःच्या वजनाने तळावर पडून राहतो आणि नांगरावरील ओढ आडवी ठेवतो. लाट येऊन जहाज मागे रेटले, तर आधी हा पडलेला भाग उचलला जातो आणि धक्का नांगरापर्यंत सौम्य होऊन पोहोचतो.

यावरून सोडलेल्या दोराची लांबी ही नांगराच्या वजनाइतकीच, किंबहुना अधिक महत्त्वाची ठरते. सामान्य हवामानात खोलीच्या पाच ते सात पट दोर सोडावा आणि वादळी वाऱ्यात दहा पटींपर्यंत वाढवावा, असा लहान नौकांसाठी रूढ संकेत आहे. खोली मोजताना मात्र दोन गोष्टी विसरता कामा नयेत. एक, पाण्याच्या पृष्ठभागापासून नाळेपर्यंतची, म्हणजे नौकेच्या पुढील टोकापर्यंतची उंची खोलीत मिळवावी लागते. दुसरी, खोली भरतीच्या वेळची धरावी लागते.

एक साधे उदाहरण घेऊ. एका तांडेलाने ओहोटीच्या वेळी ४ मीटर पाण्यात होडी नांगरली. नाळेची उंची १ मीटर आहे. त्याने २० मीटर दोर सोडला. त्या क्षणी दोराचे प्रमाण ५ मीटरला २० मीटर, म्हणजे चौपट आहे आणि ताणलेला दोर तळाशी सुमारे साडेचौदा अंशांचा कोन करतो. वारा मंद असेल तर होडी उभी राहील. सहा तासांनी ४ मीटरची भरती आली. आता एकूण उंची ९ मीटर झाली, दोर मात्र २० मीटरच राहिला. प्रमाण सव्वादोन पटींच्याही खाली आले आणि कोन सुमारे सत्तावीस अंशांचा झाला. नांगर तोच, दोर तोच, तळही तोच. तरी पकड सैल झाली. भरतीचे ९ मीटर धरून सातपट दोर सोडायचा, तर ६३ मीटर दोर लागला असता आणि कोन आठ अंशांच्या आसपास राहिला असता. सायंकाळी नीट उभी असलेली होडी रात्री वाहून जाते, तेव्हा पुष्कळदा नांगर तुटलेला नसतो. हिशेब चुकलेला असतो. मुंबईच्या आसपास उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक ५ मीटरपर्यंत जातो. भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. म्हणून तिथी पाहून दोर सोडण्याची जुन्या दर्यावर्द्यांची पद्धत शास्त्राला धरून होती.

वरील उदाहरण माध्यमिक शाळेतील गणिताच्या तासाला आकृती काढून सोडविण्यासारखे आहे. एका काटकोन त्रिकोणात कोकणातील विद्यार्थ्याला आपल्याच गावच्या खाडीचे गणित सापडेल. खोली मोजण्याचे जुने माप 'वाव' हे होते. दोन्ही हात आडवे पसरले असता होणाऱ्या अंतराला वाव म्हणतात. इंग्रजी दर्यावर्द्यांचे 'फॅदम' हे मापही याच अंतरावरून आलेले असून ते ६ फुटांचे, म्हणजे सुमारे १.८३ मीटरचे असते. जहाजाच्या साखळीची लांबी आजही जगभर १५ फॅदमच्या, म्हणजे सुमारे साडेसत्तावीस मीटरच्या तुकड्यांत मोजली जाते.

तळाची जात

जमीन पाहून पेरणी करावी, तसा तळ पाहून नांगर टाकावा. घट्ट चिखल आणि चिकण माती यांत फाळ चांगला रुततो. वाळूतही बहुतेक नांगर धरतात. अगदी पातळ गाळात नांगर रुततो, परंतु ओढ बसताच सरकतो. खडकाळ तळ सर्वांत फसवा. तेथे नांगर एक तर धरतच नाही, किंवा कपारीत असा अडकतो की वर काढता येत नाही. अशा ठिकाणी नांगराच्या मागील टोकाला वेगळी दोरी बांधून तिला तरंगता बोया लावतात. नांगर अडकला तर त्या दोरीने त्याला उलट्या दिशेने ओढून सोडविता येते.

जागा निवडताना तळाबरोबर आडोसाही पाहावा लागतो. सावित्रीच्या मुखावरील बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ, शास्त्रीच्या मुखावरील जयगड आणि वाघोटनच्या मुखावरील विजयदुर्ग ही बंदरे डोंगर व खाडी यांच्या आडोशाला वसली, ही योगायोगाची गोष्ट नव्हे. वारा व लाट यांपासून आडोसा आणि नांगर धरणारा तळ या दोन गोष्टी जेथे एकत्र आल्या, तेथे बंदर झाले.

नांगरलेल्या नौकेला भोवती मोकळी जागाही लागते. भरतीत तिचे तोंड समुद्राकडे, तर ओहोटीत खाडीच्या आतल्या बाजूकडे वळते. म्हणजे नांगर हा मध्य आणि दोर ही त्रिज्या धरून ती वर्तुळात फिरते. एका होडीने २० मीटर दोर सोडला आणि शेजारच्या होडीने ६० मीटर, तर दोघी वेगवेगळ्या वर्तुळांत फिरतात आणि प्रवाह पालटताना एकमेकींवर आदळतात. खाडीतील अनेक तंटे यातूनच उद्भवतात. शेजारी शेजारी नांगरणाऱ्या होड्यांनी दोराचे प्रमाण सारखे ठेवावे, हा त्यावरील साधा उपाय होय.

'नांगरलेली' म्हणजे काय?

आता शब्दाच्या काटेकोर अर्थाकडे वळू. समुद्रावरील टक्कर टाळण्याविषयीचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली संमत झाले आणि १९७७ साली अमलात आले. या नियमांनुसार जी नौका नांगरलेली नाही, किनाऱ्याला बांधलेली नाही आणि तळाला टेकून रुतलेलीही नाही, ती 'चालू' समजली जाते. इंजिन बंद आहे, शीड उतरविले आहे आणि नौका नुसती तरंगत आहे, म्हणून ती 'उभी' ठरत नाही. प्रवाहाबरोबर वाहणारी नौका कायद्याच्या दृष्टीने चालूच असते आणि चालू नौकेची सर्व कर्तव्ये तिच्यावर असतात.

नांगर वर घेताना तीन अवस्था होतात. प्रथम साखळी आखडत जाऊन सरळ उभी होते. नंतर नांगर तळापासून सुटतो. शेवटी तो पाण्याबाहेर येऊन नाळेशी लागतो. आपण बोलताना या सर्वांना मिळून 'नांगर उचलला' असे म्हणतो. परंतु यांतील दुसरा क्षण निर्णायक असतो. नांगर तळापासून सुटला, की तो अद्याप पाण्याखाली असला तरी नौका 'नांगरलेली' राहत नाही. ती 'चालू' होते. त्याचप्रमाणे टाकलेला नांगर तळ न धरता फरफटत असेल, तर केवळ नांगर पाण्यात आहे या कारणाने नौका सुरक्षित मानता येणार नाही.

नांगरलेल्या नौकेवरही काही कर्तव्ये आहेत. दिवसा तिने पुढील भागात सहज दिसेल असा एक काळा गोल लावावा. रात्री सर्व दिशांना दिसणारा पांढरा दिवा लावावा. ५० मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकेला असा एक दिवा पुरतो. त्याहून मोठ्या जहाजाला पुढे व मागे असे दोन दिवे लागतात. १०० मीटर व त्याहून अधिक लांबीच्या जहाजाने आपला डेकही प्रकाशित ठेवावा लागतो. धुक्यात एक मिनिटाहून अधिक खंड न पडू देता सुमारे पाच सेकंद घंटा जलद वाजवावी लागते. अगदी लहान होड्यांना काही सवलत असली, तरी अरुंद वाटेत, जहाजांच्या मार्गात किंवा नांगरण्याच्या जागेजवळ ती लागू होत नाही. अरुंद जलमार्गात नांगर टाकणे शक्यतो टाळावे, असेही हे नियम सांगतात.

अपघाताची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीने हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. पंचनाम्यात 'नौका उभी होती' असे मोघम वाक्य लिहिले गेले, तर पुढे भरपाई व जबाबदारी ठरविताना अडचण येते. नौका नांगरलेली होती, धक्क्याला बांधलेली होती, गाळात रुतलेली होती की वाहत होती, यांपैकी नेमके काय ते लिहावे. नांगरलेली असल्यास पाण्याची खोली, सोडलेल्या दोराची अंदाजे लांबी, भरती-ओहोटीची वेळ आणि दिवा लावलेला होता किंवा नाही, या चार गोष्टी नोंदवाव्यात. एका शब्दाच्या अचूकपणावर एखाद्या मच्छीमार कुटुंबाचा न्याय अवलंबून असू शकतो.

नांगर सुटतो तेव्हा

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले. त्या वेळी रत्नागिरीजवळ आश्रयाला असलेले 'बसरा स्टार' हे जहाज वाऱ्याच्या जोराने किनाऱ्याकडे ढकलले जाऊन मिऱ्या येथील किनाऱ्याला लागले. जहाजावरील खलाशांची सुटका झाली, परंतु जहाज पुढे दीर्घकाळ तेथेच रुतून राहिले.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी, 'तौक्ते' चक्रीवादळात याहून भीषण घटना घडली. मुंबईनजीकच्या समुद्रातील तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा कामगारांच्या निवासाचा तराफा नांगरलेला होता. त्यावर २६१ माणसे होती. वादळात त्याचे नांगर सुटले, तो वाहू लागला, तेलक्षेत्रातील एका फलाटावर आदळला आणि बुडाला. नौदलाने व इतर यंत्रणांनी खवळलेल्या समुद्रात अहोरात्र बचावकार्य करून अनेकांचे प्राण वाचविले. तरीही सत्तरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा तराफ्याला स्वतःची गती नसते. नांगर हाच त्याचा एकमेव आधार असतो आणि तो गेला की काहीच उरत नाही.

या घटनांतून निघणारा बोध स्पष्ट आहे. चांगला नांगर, पुरेसा दोर आणि दक्ष पहारा यांनी नौका सामान्य वाऱ्यात सुरक्षित राहते. चक्रीवादळापुढे मात्र नांगराला मर्यादा आहे. तेथे खरा उपाय एकच : इशारा मिळताच आडोशाच्या बंदरात येणे आणि माणसांनी किनाऱ्यावर उतरणे. नांगर नौकेसाठी आहे; त्याच्या भरवशावर वादळात माणसे नौकेवर ठेवणे योग्य नव्हे.

फरफटणारा नांगर समुद्रतळावरील तारा व नळ यांनाही घातक ठरतो. मुंबईला समुद्रतळावरील तारेने सुएझमार्गे युरोपशी जोडण्यात आले ते १८७० साली. आज देशाचा परदेशांशी चालणारा इंटरनेट व्यवहार मुख्यतः अशाच तारांमधून होतो. म्हणूनच नकाशावर तारा व तेलनळांचे मार्ग दाखवून तेथे नांगर टाकण्यास मनाई केलेली असते.

गावपातळीवर काय करता येईल?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. याच अवकाशात नांगर, साखळी, कड्या व दोर यांची तपासणी करावी. गंजून बारीक झालेली कडी आणि घासून पिंजलेला दोर बदलावा. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच मजबूत असते.

ग्रामपंचायतीने मच्छीमार सहकारी संस्था व बंदर अधिकारी यांच्या सल्ल्याने खाडीत नांगरण्याची जागा आणि नौकांच्या जाण्यायेण्याची वाट यांत स्पष्ट भेद ठेवावा. तळ कोठे चिखलाचा आणि कोठे खडकाचा, हे गावातील वृद्ध तांडेलांना मुखोद्गत असते. ते कागदावर उतरवून शाळेत व पंचायतीच्या कार्यालयात लावावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून अशा शब्दांचा व जागांचा संग्रह करवून घेतल्यास भाषेचे आणि गावाचे दोन्हींचे हित साधेल.

नांगर टाकल्यावर जुना तांडेल किनाऱ्यावरील दोन खुणा धरतो : देवळाचा कळस आणि त्यामागील टेकडीवरचे झाड. त्या एका रेषेत दिसल्या, की तो मनाशी नोंद करतो. घटकेने पुन्हा पाहतो. वारा व प्रवाह पालटलेले नसताना खुणा सरकल्या असतील, तर नांगर सरकला असे समजतो आणि वेळ न दवडता अधिक दोर सोडतो, दुसरा नांगर टाकतो किंवा इंजिन सुरू करतो. नांगर टाकला की काम संपले, असे तो मानीत नाही. नांगर धरला आहे की नाही, हे पाहत राहणे हाही नांगरण्याचाच भाग होय.